ज्याला प्रवेश परीक्षाच नाही, अशा कॉलेजात नेटवर्किंग शिकवायचं म्हणजे काय

साताऱ्याहून आत्याचा फोन दर रविवारी येतो. तिकडची सकाळ, इकडची शनिवारची रात्र. तब्येत, पाऊस, कुणाचं कुठे जमलं हे सगळं झालं की तिचा ठरलेला प्रश्न येतो: "काय गं, अजून ज्युनिअरलाच शिकवतेस का? सीनियरला कधी घेणार तुला?" आत्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. ज्युनिअर, सीनियर, अनुदानित, विनाअनुदानित ही उतरंड तिला तोंडपाठ. आणि या गोंधळात चूक माझीच आहे. नोकरी लागली तेव्हा मीच तिला सांगून बसले होते, की इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, कम्युनिटी कॉलेजांना पूर्वी ज्युनिअर कॉलेज म्हणायचे.

नाव खरंच तसं होतं. शिकागोजवळच्या जोलिएट गावात १९०१ साली सहा विद्यार्थ्यांवर एक कॉलेज सुरू झालं. अमेरिकेतलं सर्वांत जुनं सरकारी कम्युनिटी कॉलेज म्हणून त्याचं नाव घेतात, आणि त्यानं 'जोलिएट ज्युनिअर कॉलेज' ही पाटी अजून बदललेली नाही. शिकागो विद्यापीठाचे तेव्हाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांचं म्हणणं असं, की पदवीच्या पहिल्या दोन वर्षांसाठी पोराला घर सोडून विद्यापीठात कशाला यायला लावायचं? तेवढं गावातच होऊ दे. म्हणजे आपल्याकडचं ज्युनिअर कॉलेज बारावीला संपतं, आणि हे बारावीनंतर सुरू होतं. पुढे दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारनं १९४४च्या कायद्यानं उचलला आणि कॉलेजांत गर्दी लोटली. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगानं, लोकांना राहत्या ठिकाणी परवडेल असं शिक्षण देणाऱ्या कॉलेजांचं जाळं उभारा असं सुचवलं, आणि 'कम्युनिटी कॉलेज' हा शब्द तिथून रुळला. आज देशभरात अशी हजाराच्या आसपास कॉलेजं आहेत. एकट्या कॅलिफोर्नियात ११६.

मी असते मिडवेस्टात, म्हणजे अमेरिकेच्या मध्य-उत्तर भागात. संध्याकाळी सहा ते साडेआठ नेटवर्किंगचा, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना जोडण्याच्या विद्येचा, पहिला पेपर शिकवते. इथे पेपर म्हणजे एका सत्राचा विषय. हे काम नक्की काय आहे, ते आज नीट सांगायचा विचार आहे. आत्यालाही हाच लेख पाठवणार आहे.

दार उघडं, म्हणजे किती उघडं

या कॉलेजाला प्रवेश परीक्षा नाही, कट-ऑफ नाही, पहिली यादी-दुसरी यादी नाही. शाळा पूर्ण केलेली असावी किंवा तिच्या तोडीची परीक्षा दिलेली असावी, एवढंच साधारण बघतात. गणित-इंग्रजीची चाचणी झालीच तर ती कुठल्या वर्गात बसवायचं हे ठरवण्यापुरती. तिच्यावरून कुणाला परत पाठवत नाहीत. हे ऐकायला छान वाटतं. शिकवायला उभं राहिलं की त्याचा अर्थ कळतो: समोरच्या बावीस जणांना काय येतं याबद्दल तुम्ही काहीही गृहीत धरू शकत नाही.

एका वर्गाचं चित्र सांगते. पुढच्या बाकावर एकोणीस वर्षांचा पोरगा, स्वतःचा गेमिंग पीसी जोडलेला, सगळं येतं असा चेहरा. त्याच्यामागे हॉस्पिटलच्या स्वागतकक्षात बारा वर्षं काम केलेली बाई. कडेला पन्नाशी ओलांडलेला टर्नर, कारखाना बंद पडला म्हणून इथे आलेला. ई-मेलला फाइल कशी जोडायची ते त्यानं मला पहिल्या आठवड्यात विचारलं होतं. सैन्यातून आलेला एक. आणि बहुतेक वर्षी एखादी आपल्याकडची मुलगी असतेच. पुण्या-नाशिकची इंजिनिअरिंगची पदवी हातात, नवऱ्याच्या नोकरीमुळे एच-४ व्हिसावर आलेली. या व्हिसावर शिकता येतं, नोकरी मात्र सगळ्यांना करता येत नाही. २०१५ पासून काहींना वेगळा परवाना मिळायला लागला, बाकीच्या वाट बघतात. त्या काळात सात-आठ वर्षांची गंजलेली विद्या घासून घ्यायला या कॉलेजात येतात. वर्गात सर्वांत हुशार त्याच असतात आणि तोंड सर्वांत कमी त्याच उघडतात.

माझ्या पहिल्या सत्रात मी काय केलं? मला स्वतःला जसं शिकवलं होतं तसंच शिकवलं. नेटवर्कचे सात थर, वरून खाली, नावं पाठ, सुबक स्लाइडी. सहाव्या आठवड्यात बावीसचे चौदा उरले. कुणी भांडलं नाही, तक्रार केली नाही. येणं बंद केलं, बस्स.

क्रेडिट आणि दोन वाटा

पुढचं कळण्यासाठी थोडा हिशेब समजून घ्यावा लागेल. तीन क्रेडिटांचा पेपर म्हणजे साधारण पंधरा-सोळा आठवडे, दर आठवड्याला वर्गात तीन तास आणि घरी त्याच्या दुप्पट अभ्यास अशी अपेक्षा. अशी साठेक क्रेडिटं झाली की दोन वर्षांची पदवी मिळते, तिला असोसिएट डिग्री म्हणतात. ही झाली पूर्ण वेळ शिकणाऱ्याची गोष्ट. दिवसा नोकरी करून सत्राला एक-दोन पेपर घेणाऱ्याला पाच-सहा वर्षं सहज लागतात. गरजूंना केंद्र सरकारची पेल ग्रँट मिळते. तिची कमाल रक्कम २०२४-२५ साठी ७,३९५ डॉलर होती आणि ती परत फेडायची नसते. बऱ्याच कम्युनिटी कॉलेजांची वर्षाची फी त्यात बसते.

आयटीत या पदवीच्या दोन वाटा आहेत आणि इथेच पुष्कळ जण फसतात. एक वाट थेट नोकरीची: हार्डवेअर, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्किंग, लिनक्स, सिक्युरिटी, जोडीला निबंधलेखन आणि गणित थोडं. दुसरी वाट पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाण्याची. तिच्यात गणित आणि सामान्य विषय जास्त, स्क्रू-ड्रायव्हर कमी. नावं जवळजवळ सारखीच, एका अक्षराचा फरक. पहिल्या वाटेनं गेलेल्यानं नंतर विद्यापीठात जायचं ठरवलं, तर त्याच्या निम्म्या पेपरांना तिथे कुणी विचारत नाही असंही होतं. कॉलेज आणि विद्यापीठ यांच्यात 'आमचा हा पेपर म्हणजे तुमचा तो पेपर' असे करार असतात. ते पहिल्या दिवशी वाचायचे असतात आणि विद्यार्थी ते शेवटच्या सत्रात वाचतो. मी आता पहिल्याच तासाला सगळ्यांना विचारते, तुमची वाट कुठली? निम्म्यांना माहीत नसतं.

टर्नरचा ड्रिल आणि ३७ हा आकडा

आता खुद्द शिकवण्याकडे येऊ. नेटवर्किंगच्या पहिल्या पेपरात पोरं गळतात ती एका ठरलेल्या जागी: आयपी पत्ता आणि सबनेट मास्क. ही जागा सोप्या भाषेत सांगता आली तर बाकीचं निभतं.

प्रत्येक कॉम्प्युटरला नेटवर्कवर एक पत्ता असतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१०.३७. टिंबांनी तोडलेले चार आकडे, प्रत्येक ० ते २५५ मधला. आपल्यासाठी ते आकडे, कॉम्प्युटरसाठी मात्र ती आठ-आठ दिव्यांची रांग, प्रत्येक दिवा चालू किंवा बंद. आठ दिव्यांची किंमत डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. आकडा बनवायचा तर लागतील तेवढेच दिवे लावायचे. ३७ हवेत? १२८ नको, ६४ नको, ३२ हवा, १६ नको, ८ नको, ४ हवा, २ नको, १ हवा. ००१००१०१.

हे मी फळ्यावर तीनदा केलं तरी वर्ग गप्प. दुकानातली वजनं, पाण्याचे पेले, सगळं करून बघितलं. मग तो टर्नर खिशातून पोलादी पट्टी काढून म्हणाला, "प्रोफेसर, हे तर माझ्या ड्रिलचं माप आहे."

अमेरिकेतले कारागीर अजून इंचात काम करतात. इंच ते सहसा दहा भागांत तोडत नाहीत, अर्ध्याचं अर्धं करत जातात: १/२, १/४, १/८, १/१६, १/३२, १/६४. वर्कशॉपमध्ये ३७/६४ इंचाचा ड्रिल खरोखर असतो. तो म्हणजे किती? अर्धा इंच, अधिक एक सोळांश, अधिक एक चौसष्टांश. अर्धा म्हणजे चौसष्टांतले ३२, सोळांश म्हणजे ४, आणि वरचा १. बत्तीस, चार, एक. माझ्या फळ्यावरचे तेच तीन दिवे! बायनरी हा माणूस तीस वर्षं हातानं करत होता, त्याला त्या नावानं कुणी सांगितलं नव्हतं इतकंच.

आपल्याकडचा सुतारही यात मागे नाही. तो सुतात मोजतो, आणि एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सळईसुद्धा तीन सुती, चार सुती अशी मागतात. तोच ड्रिल आपल्या मिस्त्रीला सांगायचा तर चार सूत, अर्धं सूत आणि वर सुताचा आठवा हिस्सा. कॉम्प्युटरच्या क्लासात ज्याला 'बेसिक कच्चं आहे' म्हणून मागे बसवतील, त्याच्या हाताला हे गणित केव्हाचं अवगत असतं. त्या दिवसापासून मी प्रत्येक सत्राच्या पहिल्या तासाला आधी काय काम करत होता हे विचारते आणि लिहून ठेवते. माझी शिकवणी त्या कागदावरून ठरते.

पिनकोड आणि सबनेट मास्क

आता मास्क. इथे वर्गात मी झिप कोडचं उदाहरण घेते, तुमच्यासाठी आपला पिनकोड घेऊ. तो जास्त चांगला बसतो, आणि त्याचे जनक संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर असल्यामुळे मला जरा जवळचाही वाटतो. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला. पत्रावर ४११०३८ असेल, तर छाटणी करणारा पहिले तीन आकडे बघतो. ४११ म्हणजे पुणे. तो स्वतः पुण्यात बसला असेल तर पत्र तिथल्या तिथे वाटपाला जाईल. ४१५००१ दिसलं की सातारा, थैलीत टाक आणि गाडीवर चढव. कोथरूडची गल्ली कुठली, हे त्याला त्या क्षणी बघायचंच नाही.

कॉम्प्युटरही अगदी हेच करतो. समोरचा पत्ता माझ्याच भागातला आहे का? असेल तर स्वतः नेऊन देतो. नसेल तर राउटरच्या हवाली करतो, पुढचं तो बघेल. फरक एवढाच, की पिनकोडात 'भाग' कुठे संपतो हे कायमचं ठरलेलं आहे, तिसऱ्या आकड्यानंतर. आयपी पत्त्यात ती रेघ सरकते. रेघ कुठे आहे हे सांगणारी खूण म्हणजे सबनेट मास्क. एके काळी इथेही ठरावीक तीन जागीच रेघ असायची. त्यात पत्ते फार वाया जाऊ लागले, म्हणून १९९३ पासून ती कुठेही सरकवायची मुभा मिळाली.

मास्क २५५.२५५.२५५.० असेल, तर पहिले तीन आकडे म्हणजे भाग आणि शेवटचा आकडा म्हणजे घर. ३७ नंबरचा कॉम्प्युटर आणि ७० नंबरचा प्रिंटर एकाच गल्लीत. आता त्या कॉम्प्युटरवर कुणी चुकून २५५.२५५.२५५.१९२ टाकला. १९२ म्हणजे १२८ आणि ६४ हे दोन दिवे. याचा अर्थ रेघ दोन दिवे उजवीकडे सरकली, आणि एका गल्लीचे चौसष्ट-चौसष्ट घरांचे चार तुकडे झाले: ० ते ६३, ६४ ते १२७, १२८ ते १९१, १९२ ते २५५. ३७ पहिल्या तुकड्यात, ७० दुसऱ्या. प्रिंटर टेबलावर हाताच्या अंतरावर आहे, पण कॉम्प्युटरच्या लेखी तो परगावी गेला. छापायचं पान राउटरकडे जाईल, आणि राउटरला या नव्या हद्दीची खबरच नसेल तर ते पोचेल याचा भरवसा नाही. प्रत्येक तुकड्यातला पहिला आणि शेवटचा पत्ता राखीव असतो, म्हणून चौसष्टांतले वापरायला मिळतात बासष्ट. परीक्षेत हे 'वजा दोन' विसरणारे दर वर्षी निघतात.

"एवढी काटकसर कशाला?" हा प्रश्न कुणी तरी विचारतंच. १९८१ मध्ये ही पद्धत ठरली तेव्हा बत्तीस दिव्यांचे एकूण ४ अब्ज २९ कोटी पत्ते होतात, आणि ते कुणाला कधी संपतील असं वाटत नव्हतं. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातला शेवटचा गठ्ठा वाटून झाला. आपण अजून तरलो आहोत ते मुख्यतः खासगी पत्त्यांमुळे. तुमच्या घरच्या वायफायवर फोनचा पत्ता बहुधा १९२.१६८ नं सुरू होत असेल, आणि शेजाऱ्याचाही. प्रत्येक वाड्यात 'खोली नंबर पाच' असते, पोस्टमनला वाड्याचा नंबर कळला की पुरे.

आठ तारा

सगळं असं डोक्यानं करायचं नसतं. एक अख्खी संध्याकाळ फक्त केबल बनवण्यात जाते, आणि गेमिंगवाल्या पोराचा तोरा उतरतो तो त्या दिवशी. केबलच्या आत आठ तारा, दोन-दोनच्या पिळलेल्या चार जोड्या. प्लगमध्ये त्या ठरावीक क्रमानं बसवायच्या: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आता नीट बघा. केशरी जोडी शेजारी-शेजारी, तपकिरी जोडी शेजारी-शेजारी, निळी जोडी मधोमध, आणि हिरवी मात्र फाटलेली. एक तिसऱ्या घरात, दुसरी सहाव्या. असं का? हा वारसा टेलिफोनचा. फोनच्या प्लगमध्ये मधल्या दोन पिनांवर पहिली लाइन असायची आणि तिला कवेत घेऊन दुसरी. जुन्या वायरिंगशी जुळावं म्हणून तीच रचना पुढे आली.

शहाणा विद्यार्थी म्हणतो, कशाला ही भानगड, मी चारही जोड्या ओळीनं लावतो, दोन्ही टोकांना सारख्याच. साधा टेस्टर लावला तर आठही दिवे हिरवे लागतात! कारण टेस्टर फक्त या टोकाची तार त्या टोकाला पोचली का, तेवढंच बघतो. पण तारा पिळलेल्या असतात त्या हौसेखातर नव्हे. एका जोडीतून तोच संदेश सुलटा आणि उलटा असा जातो, बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच बसतो आणि पलीकडे वजाबाकीत उडून जातो. जोडीतली एक तार दुसऱ्या जोडीच्या गळ्यात घातली, की पीळ फुकट. लहान केबल खपून जाईल. लांबडी केबल मात्र कधी चालेल, कधी रुसेल, आणि असं रुसणं शोधण्याइतकं वैतागाचं काम आयटीत दुसरं नाही. हे दाखवायला मी मुद्दाम चुकीची लावलेली एक वीस मीटरची केबल करून ठेवली आहे.

काय बदललं?

पण या पेपरात खरं काय शिकवायचं असतं, विचाराल तर दोष शोधणं. बाकी सगळं त्याच्या तयारीसाठी. वर्ग सुरू व्हायच्या आधी तासभर मी लॅबमध्ये जाऊन पाच मशिन्स बिघडवून ठेवते. हा माझ्या कामातला सर्वांत आनंदाचा तास.

नवशिक्याची सवय एकच: पहिल्या दोन मिनिटांत विंडोज पुन्हा टाकायला घेणं. ती मोडायला एक क्रम शिकवते. आधी स्वतःला हाक मार, म्हणजे १२७.०.०.१ ला पिंग कर. उत्तर आलं तर मशिनच्या आतलं नेटवर्कचं सॉफ्टवेअर जागं आहे. मग राउटरला. मग बाहेरच्या एखाद्या पत्त्याला, आकड्यांनी. मग त्याच जागेला नावानं. आकड्यांनी जातंय आणि नावानं जात नाही, तर रस्ता ठीक आहे, टेलिफोन डिरेक्टरी हरवली आहे, म्हणजे नावावरून आकडी पत्ता सांगणारी डीएनएस सेवा. आणि मशिनचा पत्ता १६९.२५४ नं सुरू होताना दिसला, तर पत्ते वाटणारा सर्व्हर भेटलेलाच नाही, बिचाऱ्यानं स्वतःच स्वतःला एक पत्ता लावून घेतला आहे. तेव्हा आधी केबल बघ, वायफाय बघ.

कॉम्प्टिया या संस्थेच्या, कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यांसाठीच्या ए-प्लस परीक्षेत याच्याच सहा पायऱ्या करून दिल्या आहेत: अडचण ओळखा, कारणाचा अंदाज बांधा, तो तपासा, आखणी करून दुरुस्ती करा, सगळं पूर्ववत चालतंय याची खात्री करा, आणि शेवटी लिहून ठेवा. यातली पहिली आणि सहावी पायरी सगळ्यांत जास्त गाळली जाते. पहिल्या पायरीत माझ्या वर्गात पहिला नंबर कुणाचा आला, तर हॉस्पिटलच्या स्वागतकक्षातल्या त्या बाईचा. ती मशिनला हातच लावत नसे. आधी माणसाला विचारी: कधीपासून? याआधी झालं होतं? काल काही नवीन केलं का? आपल्याकडचे डॉक्टर 'बाहेरचं काही खाल्लं होतं का' विचारतात, तसंच हे. गेमिंगवाला पोरगा ड्रायव्हर, म्हणजे यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर, शोधत असताना हिनं "काल सफाईवाले आले होते का?" असं विचारून सुटलेला प्लग हुडकला होता.

अलीकडे पोरं चॅटबॉटला विचारून उत्तर आणतात. मला त्याचं वावडं नाही. पण चॅटबॉटला टेबलाखाली वाकता येत नाही, म्हणून माझी प्रात्यक्षिक परीक्षा टेबलाखाली असते.

परीक्षांचं निघालंच आहे तर: ए-प्लस १९९३ पासून आहे, तिचे दोन पेपर, प्रत्येकी दीड तासाचे, आणि प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षं. सिस्को कंपनीची नेटवर्किंग अकादमी १९९७ पासून कॉलेजांना अभ्यासक्रम देते. पॅकेट ट्रेसर नावाचं तिचं फुकट सॉफ्टवेअर घरी बसून खोटं नेटवर्क उभं करायला फार उपयोगी. प्रमाणपत्रामुळे मुलाखतीचा फोन येतो, हे खरंच आहे. पण नुसते प्रश्नसंच घोकून पास झालेल्याला टेबलाखाली वाकवलं की कळतं. काही कॉलेजं आपला सगळा अभ्यासक्रम या परीक्षांच्या यादीला बांधून घेतात. मला ते पटत नाही. यादी कंपन्या ठरवतात आणि दर काही वर्षांनी बदलतात. इंचाचं अर्धं करत जाणं बदलत नाही.

नापास कोण

या कॉलेजांवर टीका होते की इथे शिकायला येणाऱ्यांपैकी पदवी घेऊन बाहेर पडणारे कमी. टीका खोटी नाही, पण मोजणी बघा. १९९० च्या एका कायद्यापासून दोन वर्षांची पदवी तीन वर्षांत मिळाली तरच ती यशात धरायची, अशी ठरावीक पद्धत आहे, आणि त्यात बघतात ते मुख्यतः पहिल्यांदाच, पूर्ण वेळ शिकायला आलेल्यांना. माझ्या वर्गातले निम्मे त्यात मोजलेच जात नाहीत. आणि ते मोजले असते, तरी दोन पेपर करून हेल्पडेस्कची नोकरी मिळाली म्हणून निघून गेलेला पोरगा त्या हिशेबात अपयशीच. तो स्वतः मला पेढे, म्हणजे इथले डोनट, घेऊन भेटायला येतो.

शिकवणाऱ्यांचं म्हणाल तर देशभरातल्या कम्युनिटी कॉलेजांत निम्म्याहून जास्त शिक्षक अर्धवेळ आहेत. मीही. पेपरमागे मानधन, पुढच्या सत्राची खात्री नाही, बसायला खोली नाही, उत्तरपत्रिका गाडीत तपासायच्या. आत्याला एका शब्दात कळलं: "म्हणजे सीएचबी." हो आत्या, तासिका तत्त्वावर. धंदेशिक्षणाच्या विषयांत डिग्रीपेक्षा अनुभव चालतो, हा एक चांगला भाग. कॅलिफोर्नियाच्या नियमांत तर अशा काही विषयांना दोन वर्षांची पदवी आणि सहा वर्षांचा अनुभव पुरतो. म्हणजे कालचा टर्नर उद्या इथे शिकवूही शकतो.

आत्याला न पटलेली आणखी एक गोष्ट: मुलाचे मार्क आईवडिलांना फोनवर सांगता येत नाहीत. १९७४ च्या कायद्यानं कॉलेजात पाऊल टाकलेल्या विद्यार्थ्याची कागदपत्रं त्याच्या मालकीची, त्यानं लेखी परवानगी दिल्याशिवाय मी सहसा काही बोलू शकत नाही. एकदा आपल्यातल्याच एका वडिलांनी मराठीत गळ घातली होती. मीही मराठीतच नाही म्हटलं.

असं काही आपल्याकडे आहे का? विद्यापीठ अनुदान आयोगानं कम्युनिटी कॉलेज नावाची योजना २०१३ च्या सुमारास आणली, पण महाराष्ट्रात ते नाव सामान्य माणसाच्या तोंडी बसलं नाही. उघड्या दाराचं काम आपल्याकडे वेगवेगळ्या नावांनी विखुरलेलं आहे. नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून करतं. आयटीआयमधला एका वर्षाचा कोपा हा कॉम्प्युटरचा ट्रेड करतो. आणि २००१ साली स्थापन झालेल्या एमकेसीएलचा एमएस-सीआयटी तर तालुक्या-तालुक्यात पोचला. सरकारी नोकरीच्या अटीपायी का होईना, पण पन्नाशीच्या क्लार्कला माऊस धरायला त्यानंच लावलं. माझ्या आत्यालाही.

त्या टर्नरची प्रात्यक्षिक परीक्षा सांगायची राहिली. त्याच्या मशिनवर मी तोच मास्कचा सापळा लावला होता: ३७, ७०, आणि शेवटी १९२. त्यानं आकडे बघितले, कागदावर पट्टीनं रेघ मारली, दोन बाजूंना दोन आकडे लिहिले आणि मास्क दुरुस्त केला. सात मिनिटं. मी पुढच्या टेबलाकडे वळले. पण प्रिंटर काही चालेना. एकदा पान आलं, मग अडकलं, मग पुन्हा नाही. दुसरा बिघाड मी लावलेलाच नव्हता. तो पिंग करत राहिला, पाचातली दोन उत्तरं हरवत होती. टेस्टर लावला, आठही दिवे हिरवे. मग चष्मा कपाळावर सरकवून त्यानं प्लग डोळ्यांजवळ धरला आणि पारदर्शक प्लास्टिकमधून रंग मोजले. निळी जोडी मधोमध नव्हती. लॅबच्या खोक्यातून मी घाईत माझीच ती दाखवायची वीस मीटरची केबल त्या टेबलाला जोडली होती. त्यानं दोन्ही टोकं कापली, नवे प्लग बसवले, पान छापलं आणि सहाव्या पायरीसाठी कागद ओढला. 'बिघाडाचं कारण' या रकान्यात मोठ्या अक्षरांत दोन ओळी लिहिल्या. पहिली: चुकीचा मास्क. दुसरी: प्रोफेसर.